यादीत नसलेलं

सांवेर रोडच्या शेडमध्ये ती अजून नुसता पत्रा आहे,
चेसिसवर चढवलेला लांबट डबा,
खिडक्यांच्या जागी खडूच्या चौकटी.
मुस्तकीमभाई पावतीपुस्तकात कार्बन सरकवतात
आणि आमच्या मागे, रस्त्याकडे बघतात.
"साब पार्किंग में हैं?"
"साब नाहीत," नीरूताई म्हणते. "आम्हीच. लिहा."

आधी रंग.
पांढरा नको, अँब्युलन्स वाटते.
पिवळा नको, शाळेची बस.
दोघींनी मिळून एकाहत्तर वर्षं शाळा केली, पुरे.
कैरीचा हवा.
त्यांच्या रंगांच्या कार्डात कैरी नाही.
पोराला पाठवतात नाक्यावर, कैरी आणायला.

"किचन? सिंगल बर्नर, डबल, फोल्डिंग ओटा?"
"नको."
"फोल्डिंग नको?"
"किचनच नको."
पेन कागदावर टेकून राहतं, शाईचा ठिपका वाढतो.
ताईनं सात माणसांच्या पोळ्या लाटल्या,
पहिल्या तासाच्या घंटेआधी, रोज.
मग त्याच मनगटानं फळ्यावर
कंपासशिवाय वर्तुळं काढली, गोल, मुली टाळ्या वाजवायच्या.
"आता पैसे मोजून परत चूल घेऊ?"
मी हळूच म्हणते, चहापुरती?
कॉपी करताना धरलेल्या मुलीकडे बघावं तशी बघते.
"चहा तू करायचास."
इंडक्शन, एक.

टाकी शंभर लिटरची की दीडशेची?
ताई मनात गुणाकार करते. तिची वेणी कमरेखाली जाते.
मी म्हणते, केस कापलेस तर शंभरात भागेल.
ती वेणी पुढे ओढून मांडीवर घेते.
दीडशे.

"स्प्रिंगा कसल्या? पहाड या मैदान? जाना कहाँ है आप को?"
आम्ही एकमेकींकडे बघतो.
बँकेचा चेक आणलाय, आधारची झेरॉक्स आणलीय,
हे ठरवायचं राहून गेलं.
"दोन्ही," ताई म्हणते, "लिहा दोन्ही."

मग उंची. आतून सहा फूट, की सहा-चार?
चार इंचांचे बावीस हजार.
आम्ही दोघी पाच-एक.
"आप को तो छह भी बहुत है, दीदी."
ताई उठते, शेडच्या मधोमध उभी राहते,
दोन्ही हात वर करते, धुतलेली साडी झटकतात तसे,
वेल्डिंगवाला पोरगा चष्मा कपाळावर चढवून बघत राहतो.
मुस्तकीमभाई स्टुलावर चढून
तिच्या बोटांच्या टोकाला टेप लावतात. सहा-पाच.
खाली उतरतात, लिहितात सहा-पाच,
पैसे सहा-चारचे.

बिछाने समोरासमोर, दोन दिवे, दोन बटणं.
मधे पडदा? नको,
भांडताना तोंड दिसलं पाहिजे.
आणि दाराला आतून कडी.
"ऑटो लॉक है ना, रिमोटवाला."
"असू दे. कडी पण."
रामबागेतल्या आमच्या खोलीला कडी होती,
मूळची धान्याची कोठी ती, म्हणून बाहेरून.
दादा काही शोधायला आत यायचा, वहिनी, तिची पोरं,
परवापर्यंत.
मुस्तकीमभाई छापील यादीवरून बोट फिरवतात, खालपर्यंत.
"कडी लिस्ट में नहीं है."
"मग पेनानं लिहा."
तेही लिहितात. कशाला, ते विचारत नाहीत.
विचारतात, पितळी की स्टील.

"और ड्रायव्हर?"
मी पर्समधून लायसन्स काढते,
अठ्ठावन्नाव्या वर्षी काढलेलं, फोटोत डोळे मिटलेले.
ते फोटो बघतात, मग माझे पाय बघतात,
आणि न बोलता शेवटच्या ओळीत लिहितात:
क्लच पेडल, दोन इंच वर.

पोरगा येतो, दोन कैऱ्या घेऊन, एक चावलेली.
मिस्त्री पत्र्याच्या पातीनं दुसरी चिरतो,
फोड प्रायमरच्या डब्याशेजारी धरतो.
"रंग साल का, या अंदर का?"
"सालीचा," ताई म्हणते,
आणि हात पुढे करते.
"आतलं इकडे द्या. मीठ आहे का कुणाच्या डब्यात?"